काजू, कागद आणि सहा रविवार

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं एका जुन्या घराच्या माडीवर एक्स्पोर्ट-इम्पोर्टचा क्लास चालतो. सहा रविवार, सकाळी दहा ते एक, फी साडेसात हजार, चहा धरून. शिकवणारे सर तीस वर्षं बंदरावर कस्टमचं क्लिअरिंग करून निवृत्त झालेले. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण सरांनीच सांगितलंय, "लिहा काय ते, पण नाव टाकू नका, वीसच्या वर माणसं माडीवर बसत नाहीत." गेल्या दसऱ्यानंतरच्या बॅचला मी होते. मध्ये दिवाळीचा एक रविवार बुडाला, तो त्यांनी भरून दिला. पैसे वसूल झाले का, असं मला आतापर्यंत चार जणांनी विचारलं. चारदा फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर माझं मत तुमच्या कामाचं की नाही हे कळायचं नाही. उचगावच्या पुढं, बाचीच्या अलीकडं आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे. सासऱ्यांनी चालू केलेलं. चौदा बायका कामाला. मार्च ते मे खानापूर आणि चंदगडची बी मिळते. चंदगड म्हणजे महाराष्ट्र, पण आमच्या गेटातून तिकडचा डोंगर दिसतो. ती बी संपली की युनिट बंद ठेवायचं, नाहीतर आफ्रिकेची बी आणायची. आयव्हरी कोस्ट, बेनिनकडचा हंगाम साधारण आपल्याच वेळचा, फेब्रुवारी ते जून. टांझानिया, मोझांबिकचा ऑक्टोबरात सुरू होतो. म्हणून दिवाळीनंतर आमच्या पत्र्याखाली टांझानियाची पोती दिसतात.

आता आमची फजिती. तीन युनिटवाल्यांनी मिळून एक कंटेनर थेट मागवला. इतकी वर्षं मंगळूरच्या आयातदाराकडून घ्यायचो, म्हटलं मधला माणूस काढू. कंटेनरमध्ये सोळा टन, म्हणजे 80 किलोची दोनशे पोती. एजंटनं आउट टर्न 47 सांगितला होता. माल आला, फोडून बघितलं तर 43. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी: 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघतो, तो आउट टर्न. चार पौंडांचा फरक म्हणजे पोत्यामागं एक किलो आठशे ग्रॅम. दोनशे पोत्यांना साडेतीनशे किलोच्या वर गर गेला. तिघांत वाटून घेतलं तरी त्या वर्षी दिवाळीला बोनस देताना माझा हात आखडला, आणि बायकांना ते कळलं. एजंट म्हणाला, "वहिनी, माल सीआयएफ होता, विमा आहे की." सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरलेला भाव. विमा कंपनी म्हणाली, ह्यात आमचा संबंध येत नाही. मी दोघांवरही चिडून होते. क्लासला गेले ती खरं तर त्या चिडीवर.

दुसऱ्या रविवारी सरांनी सगळ्यांना आपापले कागद आणायला सांगितलं. माझ्याकडं तो करार होता, चार पानी, प्लास्टिकच्या पिशवीत. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि मलाच वाचायला लावलं. वजन आणि दर्जा माल चढवताना होईल तोच अंतिम, अशी एक ओळ होती. एकच ओळ. तिघांच्या सह्या त्याच्या खाली. त्यात माझ्या नवऱ्याची सही चांगली टपोरी, कौतुकानं केलेली.

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं. मी गप्प. मागनं उद्यमबागेतला एक फाउंड्रीवाला म्हणाला, "म्हणजे तिथं 47 होता असं त्यांनी लिहून दिलं की विषय संपला."

त्या दिवसाचे पुढचे दोन तास ह्या क्लासमधले सगळ्यात चांगले. मालाच्या भावापुढं लिहितात ती तीन अक्षरं, एफओबी, सीएफआर, सीआयएफ वगैरे, ह्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसची इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स ते नियम काढते, पहिल्यांदा 1936 मध्ये काढले, सध्याची आवृत्ती 2020 ची, त्यात अकरा अटी आहेत. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. सरांनी खडूनं फळ्यावर जहाज काढलं आणि दोन रेघा मारल्या. एक रेघ पैशाची, भाडं कोण कुठवर भरणार. दुसरी जोखमीची, माल बिघडला तर कुठवर कुणाचा. सीआयएफमध्ये विकणारा भाडं आणि विमा आपल्या बंदरापर्यंत भरतो, म्हणून पैशाची रेघ मंगळूरपर्यंत येते. जोखमीची रेघ मात्र तिकडंच, माल जहाजावर चढला तिथंच थांबते. समुद्रात काय झालं तर ते माझं. मी इतकी वर्षं समजत होते की सीआयएफ म्हणजे माल मंगळुरात हातात पडेपर्यंत त्यांचा. वर तो विमासुद्धा सगळ्यात किमान दर्जाचा घेतला तरी चालतो. आग, जहाज रुतणं, बुडणं असल्या मोठ्या संकटांचा. बी मुळातच हलकी निघाली तर कुठलाच विमा भरून देत नाही. आणि मालाचा दर्जा कोण कुठं तपासणार, ह्याबद्दल इन्कोटर्म्स काही बोलतच नाहीत. ते करारात आपण लिहून घ्यायचं असतं. एजंट खोटं बोलला नव्हता, अर्धंच बोलला होता, आणि उरलेलं अर्धं मी विचारलं नव्हतं.

सरांनी मग फळ्यावर लिहून दिलं ते मी आता प्रत्येक सौद्यात घालते: आउट टर्न 47, 45 च्या खाली माल नाकारायचा हक्क, मधल्या फरकाला त्या प्रमाणात भाव कमी, आणि तपासणी उतरायच्या बंदरावर. आयातदार मंडळी हे वर्षानुवर्षं करतात. आम्ही मधला माणूस काढला तो ह्या ओळीसकट काढला होता.

तिसऱ्या रविवारची गंमत सांगायलाच पाहिजे. विषय होता, देश एकमेकांशी व्यापार करतातच कशाला. डेव्हिड रिकार्डो नावाच्या इंग्रज गृहस्थानं 1817 मध्ये पोर्तुगालची दारू आणि इंग्लंडचं कापड घेऊन हे मांडलं. पोर्तुगाल दोन्ही गोष्टी कमी श्रमात करतो, तरी त्यानं दारूच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं. हे ऐकून निम्म्या वर्गाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडं सगळ्यात चलाख हात कुणाचा?"

आमच्या मावशीचा. बावीस वर्षं आहेत. दिवसाला दहा किलो गर सोलतील, नाहीतर ऐंशी किलोची प्रतवारी करतील. 320 आणि 240 नंबरचे गर त्यांना मोजावे लागत नाहीत, पौंडात किती गर बसणार ते बोटांना कळतं. यंदा लागलेली नवी पोरगी दिवसाला पाच किलो सोलते, प्रतवारी केली तर वीस किलो. म्हणजे दोन्हीत मावशी पुढं. मग पोरीला घरी पाठवायचं? सरांनी हिशोब मांडला. मावशीनं एक किलो सोललं की आठ किलोची प्रतवारी राहते. पोरीनं एक किलो सोललं की चारच किलोची राहते. म्हणजे सोलणं पोरीकडं स्वस्त पडतं, ती त्यात हळू असूनसुद्धा. प्रश्न कोण जलद हा नाहीच, कुणाला कशापायी काय सोडावं लागतं हा आहे. बैलहोंगलहून येणारे एक कापसाचे व्यापारी होते, त्यांनी तिथंच मागच्या दोघांना कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं, आणि माझ्या मते सरांपेक्षा बरं सांगितलं.

मला मात्र ते पुरतं पटलं नाही, आणि मी तसं बोलले. पोरगी जन्मभर सोलतच बसणार का? सहा महिने प्रतवारीला बसवली तर तिचाही हात बसेल. त्या सहा महिन्यांत माझं नुकसान होईल हे खरं, पण तिचं काय?

सर हसले. म्हणाले, "हेच बेनिन विचारतोय."

ही गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. जगात कच्ची बी सगळ्यात जास्त आयव्हरी कोस्ट पिकवतो, आणि काजूगराची निर्यात सगळ्यात जास्त करतो व्हिएतनाम, आफ्रिका आणि कंबोडियाची बी आणून, मशीनवर फोडून. बेनिननं 1 एप्रिल 2024 पासून कच्च्या बीची निर्यातच बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे फोडायचं काम त्यांच्या लोकांना मिळावं. वर्तमानपत्रात हे वाचलं असतं तर मी म्हणाले असते, घ्या, आता भाव चढणार. त्या माडीवर बसून कळलं की ते माझ्या नव्या पोरीचीच बाजू मांडतायत, आणि ह्या सौद्यात मावशीच्या जागी मी आहे. बी तरी कुणाची म्हणा? झाड मूळ ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेलं.

आणखी एक अवघड गोष्ट त्याच दिवशी गळ्याखाली उतरवली. 2018 च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं सीमाशुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 वर आलं. 2019 मध्ये काजूगरावरचं 45 वरून 70 टक्के झालं. कच्चा माल आत येऊ द्या, तयार माल दारातच अडवा. व्हिएतनामनं आमचा धंदा बसवला, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. ते अगदी खोटं नाही. पण ह्या सत्तर टक्क्यांच्या भिंतीमागं माझं युनिट उभं आहे, आणि त्या भिंतीचं भाडं काजूकतली घेणारं गिऱ्हाईक भरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भिंत पाडा असं मी म्हणणार नाही. चौदा बायका आहेत. पण आता ओरडताना आवाज जरा कमी येतो.

एक कामाची गोष्ट, ज्यासाठी फी देऊन टाकली तरी चालेल. भारत 2008 पासून जगातल्या सगळ्यात मागास गणल्या गेलेल्या देशांना शुल्कात सवलत देतो, काजू त्यात आहे. टांझानिया, मोझांबिक, बेनिन त्या यादीत बसतात, आयव्हरी कोस्ट बसत नाही. सवलत पाहिजे तर माल तिथलाच आहे हे सांगणारा दाखला, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, लागतो आणि तो नियमात बसावा लागतो. नुसतं पोत्यावर छापून भागत नाही. आमच्या त्या कंटेनरला तो दाखला होता का? कुणी बघितलंच नव्हतं.

चौथा रविवार बँकेचा. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की विकणाऱ्याला पैसे द्यायची बँकेची हमी, सरांनी लग्नाच्या याद्यांसारखं समजावलं, ते मी इथं पुन्हा सांगत बसत नाही. मुख्य मुद्दा असा की बँक माल बघत नाही, कागद बघते. पोत्यात दगड असले आणि कागद बरोबर असले तर बँक पैसे देते. पोत्यात सोनं असलं आणि कागदात चूक असली तर अडवते. ह्याला जगभर एकच नियमावली आहे, यूसीपी 600, 1 जुलै 2007 पासून लागू. इथं फाउंड्रीवाल्यानं आपलं दुखणं काढलं. 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं सरकारी नाव बदललं, ह्याच्या जुन्या कागदांवर बेळगाव, नव्यावर बेळगावी, आणि बँकेनं कागद परत पाठवले. सगळे हसले. सीमाप्रश्न कुठं कुठं पोचतो बघा! पण सर हसले नाहीत. म्हणाले, यूसीपीच्या 14 व्या कलमात सरळ लिहिलंय की खरेदीदार-विक्रेत्याचा पत्ता क्रेडिटमधल्या पत्त्याशी तंतोतंत जुळायची गरज नाही, देश तोच असला की झालं. फक्त वाहतुकीच्या कागदावर माल कुणाच्या नावे आणि कळवायचं कुणाला, त्या रकान्यात खरेदीदाराचा पत्ता असेल तर जुळला पाहिजे. फाउंड्रीवाल्यानं ते कलम वहीत दोनदा उतरवून घेतलं. बँकेत जाऊन काय बोलला ते पुढच्या रविवारी मिटक्या मारत सांगितलं.

रुपया-डॉलरचा भाग थोडक्यात झाला, जास्त पाहिजे होता. टनाला पंधराशे डॉलर धरले तर आमचा कंटेनर चोवीस हजार डॉलरचा. सौदा आणि पैसे भरणं ह्यात दोन महिने जातात. तेवढ्यात डॉलर एक रुपयानं वर गेला की चोवीस हजार रुपये गेले, बी न फोडता. बँकेकडून आजच दर बांधून घेता येतो, त्याला फॉरवर्ड कव्हर म्हणतात, एवढं कळलं. त्याचा खर्च किती आणि लहान माणसाला बँक उभं करते का, हे सरांनी पुढं ढकललं ते ढकललंच. डिसेंबरात डॉलर नव्वदच्या वर गेला तेव्हा मला ते फार आठवलं.

अमेरिकेच्या टॅरिफवर वर्गात भांडण झालं. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर एकूण 50 टक्के लागले होते आणि हायड्रॉलिकचे भाग करणारे दोघं जण हबकून बसले होते. टॅरिफ भरतो कोण, ह्यावर अर्धा तास गेला. कागदावर तो तिकडचा आयातदार त्यांच्या कस्टमला भरतो. मग तो इकडं फोन करून म्हणतो, भाव कमी करा. कोण किती सोसणार हे कुणाची गरज जास्त त्यावर ठरतं. एवढ्यावर सरांनी विषय थांबवला आणि ते बरं केलं, नाहीतर राजकारण सुरू झालं असतं.

आता तक्रारी. पाचवा रविवार फुकट गेला. जागतिक व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 ला सुरू झाली, त्याआधी 1947 चा गॅट करार होता, मुख्यालय जिनिव्हात, व्यापारतोल असा आणि चालू खातं तसं, हे सगळं इंग्रजी झेरॉक्सवरून वाचून दाखवलं. तीच माणसं, तेच सर, पण टेबलावर कुणाचा कागद नव्हता, म्हणून सगळंच निर्जीव. चालू खात्यातली तूट म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. नोट्स मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत. बोलणं मात्र तिन्ही भाषांत.

शेवटच्या दिवशी पाहुणे म्हणून एक जण आले, ते परदेशी गिऱ्हाइकांच्या याद्या बारा हजाराला विकत होते. वर्गातल्या दोघांनी घेतल्या. त्यातले निम्मे ईमेल परत आले. सरांनी असल्या माणसाला माडी चढू द्यायला नको होती, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. क्लासच्या कागदावर वर "सहा आठवड्यांत निर्यातदार व्हा" असं छापलंय, तेही खोडायला पाहिजे. मी सहा आठवड्यांत निर्यातदार झाले नाही, आणि आमच्या बॅचमधलं कुणीच झालं नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा सरकारी नंबर, तर कुणालाही घरबसल्या ऑनलाइन निघतो, सरकारी फी 500 रुपये. त्यासाठी पाच-पाच हजार घेणारे एजंट गावात आहेत, त्यांच्या नादाला लागू नका. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो नंबर अपडेट करावा लागतो, नाहीतर बंद पडतो, हे तेवढं लक्षात ठेवा.

पाचपैकी साडेतीन. ज्याच्याकडं दाखवायला एखादा फसलेला व्यवहार आहे त्यानं डोळे मिटून जावं. नुसतं ऐकायला जाणाऱ्याला दोन.

डिसेंबरात टांझानियाची बी आली, ह्या वेळी तिघांच्या करारात ती ओळ बदलून. मंगळुरात तपासणी झालीच होती, तरी युनिटवर आम्ही पुन्हा किलोभर बी फोडली. किलोला 266 ग्रॅम गर निघाला की आउट टर्न 47 बसतो. मावशी हाताला एरंडेल चोळून बसल्या, टरफलाचं तेल लागलं की कातडी जाते. नव्या पोरीला शेजारी घेतलं. "तू मोज, मी फोडतो," म्हणाल्या. डागी गर वेगळा काढला, त्याचं निम्मंच वजन धरायचं. काटा 261 वर थांबला. म्हणजे 46. एका पौंडाचे पैसे करारानं कापून मिळाले, अकरा दिवसांत.

जाणार असाल तर जुने कागद मूळ प्रतीत न्या, तिथला झेरॉक्सवाला रविवारी बंद असतो. गाडी गेटच्या अलीकडंच लावा. दहाच्या सुमाराला गेट पडतं आणि सर कुणासाठी थांबत नाहीत.